सागरी तटावरच्या तोफेची कुळकथा

जहाज लाटेबरोबर हलते, तट हलत नाही. डुलत्या जहाजावरून नेम साधणे अवघड, बुरुजावरून सोपे. शिवाय दगडी तट गोळे पचवतो, लाकडी जहाजाला मात्र पाणरेषेजवळचे एक भगदाडही जड जाते. म्हणून समुद्राकडच्या काही तोफा मुद्दाम खालच्या जंग्यांत बसवत. तिथून सुटलेला गोळा पाण्यावर टप्पे घेत जहाजावर आदळे.

या विद्येचे कूळ तिच्या शब्दांत दिसते. ‘तोफ’ तुर्की, ‘गोलंदाज’ फारसी, ‘बुरूज’ अरबी, तर ‘आरमार’ पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आलेला. बेटाला अरबीत ‘जझीरा’ म्हणतात. त्याचा ‘जंजिरा’ झाला आणि मराठीत तो पाणकिल्ल्याला रूढ झाला.

कोकणात चौल-कोर्लईला पोर्तुगीजांच्या आणि मुरूडजवळ सिद्दीच्या तोफा समुद्रावर रोखलेल्या होत्या. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला.

किनारी तोफेची खरी कसोटी खांदेरीला लागली. मुंबईच्या दक्षिणेला, थळसमोरच्या या बेटावर १६७९च्या पावसाळ्यात महाराजांच्या मायनाक भंडारीने तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी गलबते आणि ‘रिव्हेंज’ हे मोठे लढाऊ जहाज पाठवून बेट कोंडले. बेटावरच्या तोफा त्यांना दूर ठेवत, पण दाणागोटा आणि दारूगोळा पोचवला तो किनाऱ्यावरून रात्री निघणाऱ्या हलक्या होड्यांनी. उथळ पाण्यात मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलाग करता येईना. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालच्या मराठी आरमाराने इंग्रजांशी झुंज दिली. १६८०च्या आरंभी इंग्रजांनी वेढा उठवला. शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने ठाणे दिले आणि दोन्ही बेटे एकमेकांवर तोफा डागू लागली.

तटावरची तोफ आरमाराच्या आधाराने टिकते, हा खांदेरीचा धडा. १७२१मध्ये अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त मोहीम कान्होजी आंग्र्यांपुढे फसली. विजयदुर्गाला १७५६मध्ये याच्या उलट घडले. पेशव्यांशी हातमिळवणी करून आलेल्या इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनच्या ताफ्याने भडिमार केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आसऱ्याला दाटीने नांगरलेली होती. एकाला आग लागली आणि ती साऱ्या आरमारात पसरली. इंग्रजांच्या क्लाइव्हने जमिनीकडची बाजू धरली. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला.

इंग्रजी अमलात मुंबई बंदराच्या रक्षणासाठी मुंबईतल्याच कुलाब्याला आणि ‘मिडल ग्राउंड’सारख्या बेटांवर तोफांचे मोर्चे उभे राहिले. विमाने आणि क्षेपणास्त्रे आल्यावर एका जागी खिळलेली तोफ मागे पडली. ब्रिटनने १९५६मध्ये आपला किनारी तोफखानाच मोडला. भारतीय नौदलासाठी मार्च २०२३मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्रांच्या फिरत्या किनारी तोफखान्यांचा करार झाला. जागा न सोडणे हे जिचे बळ होते, त्या तोफेची वारस आता वाहनावरून जागा बदलत मारा करते.