शेवटची गोळी : 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पुन्हा पाहताना

१/ १ ऑक्टोबर १९६८. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या फुल्टन चित्रपटगृहात एका कृष्णधवल भयपटाचा पहिला खेळ झाला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो तेव्हा २८ वर्षांचा होता. निर्मितीखर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर. पडद्यावरचे रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक.

२/ कथानक साधे आहे. नुकतीच मेलेली माणसे उठतात आणि जिवंतांचे मांस खाऊ लागतात. पेनसिल्व्हेनियातील एका शेतघरात सात जण अडकतात. तळघरात लपावे की वरच राहून दारे-खिडक्यांना फळ्या ठोकाव्यात, यावरून त्यांच्यातच जुंपते.

३/ या चित्रपटात 'झोम्बी' हा शब्द एकदाही येत नाही. तो शब्द हैतीचा. उसाच्या मळ्यांत राबलेल्या आफ्रिकी गुलामांच्या त्या भूमीत झोम्बी म्हणजे मरणानंतरही धन्याच्या हुकमात राहणारा देह. १९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होते. त्याच काळात, १९३२ मध्ये, हॉलिवूडने 'व्हाइट झोम्बी' काढला. रोमेरोच्या प्रेतांना मात्र धनी नाही. त्यांना फक्त भूक आहे.

४/ नायक बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने केली. पटकथेत बेनच्या वर्णाचा उल्लेख नव्हता. चाचणीत जोन्स सर्वांत सरस ठरला म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो सांगत असे. चित्रपटातील एकही पात्र त्याच्या वर्णाविषयी अवाक्षर काढत नाही.

५/ आणि तरीही शेवट पाहावा. घरातील सातांपैकी एकटा बेन रात्र निभावतो. सकाळी शेरीफ बंदूकधाऱ्यांची टोळी घेऊन येतो. खिडकीत हालचाल दिसते. कोणी हाक मारत नाही, कोणी खात्री करत नाही. गोळी थेट कपाळात. शेरीफ नेमबाजाला शाबासकी देतो.

६/ त्यानंतर पडद्यावर येतात वृत्तपत्री धाटणीची खरखरीत स्थिरचित्रे : मांस उचलण्याचे आकडे, बंदूकधारी गोरे पुरुष, बेनचे प्रेत, चिता. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींची छायाचित्रे टपालकार्डांवर छापून विकली जात. त्या छायाचित्रांची आठवण ही चौकट पाहताना टळत नाही.

७/ येथे कालक्रम महत्त्वाचा ठरतो. चित्रीकरण १९६७ मधले. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ची. तयार प्रत मोटारीतून न्यूयॉर्कला नेत असताना ही बातमी रेडिओवर ऐकल्याचे रोमेरो सांगत असे. म्हणजे हा शेवट त्या हत्येवरचे भाष्य असूच शकत नाही. पण ऑक्टोबरमधील प्रेक्षक ती हत्या मनात घेऊनच चित्रपटगृहात शिरला होता.

८/ पुढचे वळण कायद्याचे. वितरकांनी चित्रपटाचे नाव बदलले. जुन्या नामपट्टीबरोबर स्वामित्वहक्काची सूचनाही गळाली. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार सूचनेविना प्रकाशित झालेली कृती सार्वजनिक मालकीची होई. निर्मात्यांचे मोठे उत्पन्न बुडाले. दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ कॅसेटवाल्यांना मात्र तो फुकट मिळाला, आणि दर पिढीने तो नव्याने पाहिला.

९/ १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. २०१६ मध्ये मूळ निगेटिव्हवरून त्याचे पुनरुज्जीवन झाले.

१०/ कलाकृतीचा अर्थ कर्त्याच्या हेतूत शोधायचा की पाहणाऱ्यांच्या काळात? या चित्रपटापुरते उत्तर असे, की हेतू नसतानाही साक्ष उमटते. बेनच्या वर्णाविषयी पटकथा गप्प राहिली. पण खिडकीतला माणूस जिवंत आहे का, हे न विचारता चाप ओढणारे हात रोमेरोला कल्पनेतून आणावे लागले नव्हते. प्रेतांची भीती पहिल्यांदा पाहतानाच सरते. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला धास्ती वाटते ती उजाडण्याची.