बायबल म्हणजे इतिहास का?

गणेशपुरीच्या कुंडातलं पाणी राक्षसांच्या रक्तानं तापलं, असं आमच्या म्हाताऱ्या बाया सांगायच्या. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, हेही त्याच सांगायच्या, एका दमात. पहिली कथा. दुसरी गोष्ट मराठ्यांच्या आणि हरलेल्या पोर्तुगीजांच्याही कागदांत आहे.

मेळाव्यात वसईच्या एका ख्रिस्ती ताईंनी विचारलं, "मग आमचं बायबल?"

आपण गटाची वही बँकेच्या पासबुकाशी ताडून बघतो ना, तसंच आम्ही केलं. बायबल हे एक पुस्तक नव्हेच, पुस्तकांची पेटी आहे. गाणी, दृष्टांत, कायदे, राजांच्या हकिकती. त्यात लिहिलंय, हिज्कीया राजानं अश्शूरच्या सन्हेरीबाला खंडणी दिली: ३० किक्कार सोनं, ३०० किक्कार चांदी. किक्कार हे जुनं वजन. ही गोष्ट इसवी सनापूर्वी ७०१ ची. सन्हेरीबाचा स्वतःचा लेखही भाजल्या मातीवर सापडलाय. त्यात सोनं ३०च, चांदी मात्र ८००! घेणाऱ्यानं फुगवली की देणाऱ्यानं झाकली, देव जाणे. पण खंडणी दिली, हे शत्रूच्या वहीनंच पक्कं केलं. नोहाच्या जलप्रलयात सगळी पृथ्वी बुडाली म्हणतात, त्याची खूण जमिनीच्या थरांत सापडत नाही.

"आणि येशूचा क्रूस?" ताईंचा आवाज बारीक झाला होता.

ख्रिस्ती नसलेल्या टॅसिटस या रोमन इतिहासकारानं पिलाताच्या अमलात ख्रिस्ताला देहदंड झाल्याचं लिहिलंय, हे आम्ही सांगितलं.

"तिसऱ्या दिवशी उठला, ते?"

"ताई, ते तुमच्या श्रद्धेचं. आमच्या पासबुकात त्याला रकाना नाही."

त्या हसल्या. "आमच्याही नाही," म्हणाल्या.