कुंकळ्ळी, फादर स्टीफन्स आणि आमच्या कुळागरातला देवचार



मी बी.कॉम. झालेला, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. इतिहास हा काही माझा विषय नव्हे. पण गेल्या वर्षी आमच्या फोंड्याच्या घरी एक प्रसंग घडला आणि मी चारशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी वाचत बसलो. जे समजलं ते लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

पत्नी दोन महिने अंथरुणाला खिळून होती. ओळखीच्या घरातला एक मुलगा तिला बघायला आला. मुलगा गुणी आहे. हल्ली तो एका नव्या प्रार्थनामंडळात जातो. त्याने आधी येशूचं नाव घेऊन प्रार्थना केली. आम्ही हात जोडून ऐकली. मग त्याची नजर खिडकीतून कुळागराकडे गेली. तिथे कोपऱ्यातल्या माडाखाली आम्ही देवचाराला पणती लावतो, वर्षातून एकदा रोट ठेवतो. आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं आहे. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "काका, ही जागा सैतानाची आहे. ती काढल्याशिवाय काकींना बरं वाटणार नाही. तुमच्या घरात युद्ध चाललंय, तुम्हाला दिसत नाही एवढंच."

पत्नीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्याला फाटकापर्यंत सोडलं आणि म्हटलं, "परत आलास तर बोलू." रात्रभर झोप लागली नाही. राग त्याच्या श्रद्धेचा नव्हता. आजारी बाईच्या उशाशी त्याने रणांगण मांडलं, त्याचा होता.

आणि तेव्हाच मला आमचे जुने हेड कॅशियर आठवले. 1986 साली मी साष्टीतल्या एका शाखेत होतो. हे गृहस्थ पक्के कॅथलिक, निवृत्तीला पाच वर्षं राहिलेली. माझे वडील मडगावात इस्पितळात होते. कॅश बंद करून, चाव्या देऊन हे रोज संध्याकाळी तिथे यायचे आणि बाकावर बसायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "सायबा, तुमकां चलता जाल्यार हांव बापायखातीर मागणें करूं?" वडिलांनीच मान हलवली. त्यांनी खिशातून जपमाळ काढली. पुढेही नोटांचे गड्डे बांधता बांधता ते आपल्या येशूबद्दल मोकळेपणाने बोलत, काही लपवत नसत. म्हणजे श्रद्धा त्यांनीही सांगितलीच. मग एकाचं बोलणं चाळीस वर्षांनी आठवून डोळे भरतात आणि दुसऱ्याचं बोलणं काट्यासारखं सलतं, हे का?

उत्तर शोधायला मी आधी त्या 'युद्धा'चं मूळ बघितलं. ते बायबलमध्ये आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एका शिपायाचं चित्र उभं करतो. सत्याचा कमरपट्टा, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण. पायांत शांतीची सुवार्ता सांगण्याची तयारी, आणि हातात तलवार एकच, ती म्हणजे देवाचं वचन. पण हे सगळं सांगण्याआधीच तो स्पष्ट करतो की आपलं झुंजणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही. हे वाचून मी थांबलो. आपल्या तुकोबांनीही मनाशी चालणाऱ्या युद्धाबद्दल लिहिलं आहेच. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही. ते युद्ध नेमकं कोणाशी, एवढाच प्रश्न उरतो.

गोव्यात या प्रश्नाचं उत्तर फार वाईट दिलं गेलं.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला मूळचे लढवय्ये. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पायाला गोळा लागून ते अंथरुणाला खिळले आणि तिथे त्यांचं मन पालटलं. त्यांच्या साधनेच्या पुस्तकात दोन ध्वजांचं चिंतन आहे, एक ख्रिस्ताचा आणि एक सैतानाचा.  त्यांची भाषा लष्करी होती, पण रोख स्वतःच्या मनाकडे होता. गोव्यात मात्र या भाषेला खरी फौज मिळाली. फ्रान्सिस्कनांच्या एका इतिहासाचं नावच 'पूर्वेचा आध्यात्मिक विजय' अशा अर्थाचं आहे, आणि 1710 मध्ये छापलेल्या जेझुइटांच्या इतिहासाचं 'जिंकलेली पूर्व'. विजय म्हटला की जित आलेच. ते जित म्हणजे आपण.

साष्टी आणि बारदेश 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे आले. 1560 मध्ये इन्क्विझिशनचं न्यायासन बसलं. 1567 च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडली गेली. त्याच दशकात कुट्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. नदीपलीकडचा अंत्रूज महाल तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणून देव वाचले. आमचे पूर्वजही त्याच सुमारास नदी ओलांडून आले असं घरात सांगतात. आजी साष्टीतल्या कोणाच्याही घरी पाणी पीत नसे. कारण विचारलं की म्हणायची, "आमी देव पाठीर घेवन आयल्यांव." मी साष्टीच्या शाखेत बदली होऊन गेलो तेव्हा ती नव्हती, हे एका परीने बरंच झालं.

आता कुंकळ्ळी. कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी आणि आसपासच्या गावांनी कर द्यायचं नाकारलं आणि देवळं परत बांधली. फौजा आल्या, गावं जाळली, देवळं पाडली. या मोहिमांत फादर पाशेको आणि फादर बेर्नो फौजेबरोबर होते. मग जुलै 1583 मध्ये साष्टीच्या मिशनचे प्रमुख फादर रुदोल्फो आक्वाविवा चर्चसाठी जागा बघायला आणि क्रूस उभारायला कुंकळ्ळीला गेले. हे गृहस्थ इटलीतल्या सरदार घराण्यातले. आदली तीन वर्षं ते फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करत होते. गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती लोकांना मारलं. सोबतच्या एका पोर्तुगीजाकडे बंदूक होती. तो ती उचलू लागला तेव्हा पाशेकोंनीच त्याला थांबवलं, असं त्या दिवसाच्या वृत्तांतात आहे.

हा तपशील मला पुन्हा पुन्हा आठवतो. जो माणूस जाळपोळीच्या वेळी फौजेबरोबर होता, त्यानेच शेवटच्या घटकेला बंदूक नाकारली. रक्तामांसाशी झुंज नाही हे पौलाचं सांगणं त्या घटकेला त्याने पाळलं. पण तोवर गावाने फौज बघितली होती. गावाच्या दृष्टीने क्रूस आणि फौज यांत फरक उरला नव्हता.

पुढे पोर्तुगीजांनी गावच्या गावकरांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. सोळा जण होते आणि एक नदीत उडी घेऊन निसटला, असं सांगतात. जमिनी जप्त झाल्या. त्या पाच जेझुइटांना रोमने 1893 मध्ये धन्य म्हणून घोषित केलं. गावकरांचं स्मारक व्हायला आपलं हे शतक उजाडलं.

ज्या साली कुंकळ्ळी घडली, त्याच साली ऑक्टोबरमध्ये साष्टीतल्या एका चौतिशीच्या इंग्रज पाद्र्याने आपल्या भावाला पत्र लिहिलं. त्यात मारल्या गेलेल्या सोबत्यांची हकिगत आहे. आणि त्याच पत्रात इथल्या भाषांचं कौतुकही आहे, की यांची घडण लॅटिन आणि ग्रीकशी मिळतीजुळती आहे. हे फादर थॉमस स्टीफन्स. 24 ऑक्टोबर 1579 ला ते गोव्यात उतरले. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिकांचा छळ चालू होता, त्यांचा जवळचा मित्र तिथे तुरुंगात होता. धर्मासाठी सरकारचा बडगा कसा बसतो ते त्यांना ठाऊक होतं.

सोबती मारले गेले तरी हा माणूस साष्टी सोडून गेला नाही. 1619 मध्ये वारला तोपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं इथेच राहिला. इथली भाषा शिकला. कोंकणीचं व्याकरण लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूरला छापलं गेलं. आणि 1616 मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, तेही मराठीत. कारण गोव्यात तेव्हाही बोलणं कोंकणीत आणि पोथी मराठीत होती, जशी आमच्या घरी आजही आहे. ग्रंथाच्या सुरुवातीला एक प्रसंग येतो. नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? त्या प्रश्नातून हे पुराण उभं राहतं. मराठीची जी थोरवी त्यात गायिली आहे ती आपण शाळेपासून ऐकत आलो. पण ती एका हिरावून घेतलेल्या गोष्टीच्या भरपाईतून आली, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

म्हणून स्टीफन्सचा हिशेब एकाच बाजूने मांडता येत नाही. त्याने हातात तलवार घेतली नाही, शब्द घेतला, ही जमेची बाजू. त्याने स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. ऐकणाऱ्याचा शब्द उचलून त्यात आपला अर्थ भरला. पण देवळं पाडलेल्या जमिनीवर उभं राहून तो बोलत होता, आणि जुने देव त्याला खोटेच वाटत होते, ही नावेची बाजू. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. एक लिहून दुसरी खोडली तर खातं जुळणार नाही.

आणि इथेच मला माझ्या प्रश्नाचा धागा सापडला. तो म्हणजे 'देवचार' हा शब्द. आम्हा हिंदूंसाठी देवचार म्हणजे गावच्या सीमेचा राखणदार, रात्री चुकलेल्या माणसाला वाट दाखवणारा. पण साष्टीतल्या ख्रिस्ती प्रार्थनेत देंवचार म्हणजे सैतान. क्रिस्तपुराणातही तो त्याच अर्थाने येतो. शब्द तोच, नदीच्या अलीकडे राखणदार आणि पलीकडे शत्रू. त्या मुलाने माझ्या माडाखाली सैतान बघितला तो काही आदल्या दिवशी शिकलेला नव्हता. त्याच्या आजीने, पणजीने 'देंवचार' हा शब्द त्याच अर्थाने म्हणत जपमाळ ओढली होती. माझ्या आजीला नदी ओलांडताना जे सलत होतं, त्याची दुसरी बाजू त्याच्या घरी होती. पळून न गेलेल्या लोकांना नवं नाव घेऊन, जुना राखणदार टाकून जगावं लागलं. ते तरी कुठे सुटले?

1684 मध्ये तर सरकारने कोंकणीही सोडा, पोर्तुगीज बोला, असा हुकूम काढला. ज्या शब्दांवर स्टीफन्सने चाळीस वर्षं घातली, तेही सरकारला नकोसे झाले. तरी पुराण टिकलं. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांवरून 1907 मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. पाडलेल्या देवळांची नावं आज फौजेमुळे आठवतात, आणि हे पुराण लोकांनी आपणहून जपलं म्हणून आठवतं.

कुंकळ्ळीची देवी तेव्हा फातर्प्याला गेली. पण शिगम्याच्या दिवसांत ती दरवर्षी आपल्या मूळ जागी येते, बारा वांगडांच्या बारा छत्र्या घेऊन. साष्टीत असताना हेड कॅशियर मला ती मिरवणूक बघायला घेऊन गेले होते. गुलालात उभं राहून त्यांनी एका छत्रीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ती आमच्या वांगडाची." मी चकित होऊन बघत राहिलो. चर्चला रोज जाणारा माणूस, आणि छत्री ओळखताना त्याचा आवाज कापत होता.

आता त्या मुलाचं. तीन आठवड्यांनी तो परत आला. मी त्याला देवचाराची गोष्ट सांगितली, कुंकळ्ळीची सांगितली, पाशेकोने बंदूक नाकारल्याचीही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मी माझी श्रद्धा सांगूच नको का, काका?"

मी म्हटलं, "सांग की. पण आधी विचार. आणि मी नको म्हटलं तरी येत जा."

तो येतो. पत्नी आता बरी आहे, हिंडते-फिरते. ती त्याला देवचाराच्या गोष्टी सांगते, तो तिला येशूच्या. माडाखालची पणती त्याला अजून पटलेली नाही. आम्ही ती काढलेली नाही. चहा मात्र तो आमच्याकडे घेतो, आणि परवा आम्ही दोघं त्याच्या घरी जाऊन पाणी प्यायलो. आजीची आठवण झाली.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी नदी ओलांडल्याची, किंवा मागे राहिल्याची गोष्ट सांगणारं कोणी असेल, तर वेळ असताना त्यांच्याजवळ बसा आणि लिहून ठेवा. दोन्ही काठांवरचं लिहा.