पडद्याची लांबी-रुंदी कोणी ठरवली?

विज्ञानदिनाच्या कार्यक्रमासाठी तालुक्याच्या गावातील एका शाळेत गेलो होतो. शाळेला नुकतेच देणगीतून साडेअठरा इंची रुंद मॉनिटर मिळाले होते. जुने, चौरसाच्या जवळ जाणारे १७ इंची सपाट मॉनिटर भंगारात देण्यासाठी पडवीत रचून ठेवले होते. संगणक कक्षात गणिताचे शिक्षक वर्तुळ शिकवीत होते. आज्ञावली वर्तुळाची, केंद्र आणि त्रिज्या दिलेली, पण पडद्यावर मात्र आडवे अंडे! आठवीतील एका मुलीने सरळ पट्टी लावली. आडवा व्यास १६ सेंटिमीटर, उभा व्यास १२ सेंटिमीटर. "सर, मग पाय काढताना कुठला व्यास धरायचा?" वर्ग हसला, सर ओशाळले. कार्यालयातील लिपिकांची तक्रार वेगळीच होती. "पडदा मोठा आला म्हणतात, पण प्रश्नपत्रिकेचं पान पूर्वीपेक्षा कमीच दिसतं."

निघताना मुख्याध्यापिका बाईंनी विचारले, "पुढच्या वर्षी आणखी सहा घ्यायचेत. रुंद घ्यावेत की जुन्यासारखे?" पडद्याचा आकार आला कोठून, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून थोडे मागे जाऊ.

एक इंच बाय पाऊण इंच

अमेरिकेत थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन हा सहायक १८९० च्या सुमारास हलत्या चित्रांच्या यंत्रावर काम करीत होता. ईस्टमन यांच्या कारखान्यात तयार होणारी ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म त्याने उभी चिरून ३५ मिलिमीटरची पट्टी केली. पट्टी दातेरी चाकावरून सरकावी म्हणून दोन्ही कडांना छिद्रे पाडली आणि एका चित्राला चार छिद्रांची उंची दिली. छिद्रांच्या मधे चित्राला जागा उरली ती साधारण एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच, म्हणजे ४:३. पुढे जगभर हेच माप रूढ झाले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली इंग्लंडहून आणलेला कॅमेरा याच ३५ मिलिमीटर पट्टीचा होता. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या प्रेक्षकांनी पाहिला तो याच चौकटीत.

बोलपट आले आणि ध्वनीची रेघ फिल्मच्या कडेला छापावी लागली. तेवढी रुंदी गेल्याने चित्र जवळजवळ चौरस होऊ लागले. तेव्हा १९३२ साली हॉलिवूडच्या अकादमीने चित्राची उंचीही थोडी कमी करून १.३७:१ हे प्रमाण ठरवून दिले. म्हणजे फिरून पुष्कळसे जुन्या ४:३ पाशीच आले.

काचेच्या नळीचे बंधन

दूरचित्रवाणीला दाखवायला चित्रपट हवेच होते, तेव्हा तिने ४:३ उचलणे स्वाभाविक होते. अमेरिकेने १९४१ साली ते प्रमाण मानले. बीबीसीने १९३६ साली ५:४ ने सुरुवात केली होती. १९५० साली तीही ४:३ वर आली. आपल्याकडे १९५९ साली दिल्लीत आणि १९७२ साली मुंबईत दूरदर्शन दिसू लागले, तेही याच प्रमाणात.

यात चित्रनळीच्या भौतिकीचाही भाग होता. चित्रनळी आतून निर्वात असते, म्हणून बाहेरच्या हवेचा सगळा दाब काचेला सोसावा लागतो. १६ इंच रुंद आणि १२ इंच उंच पडद्याचे क्षेत्रफळ १९२ चौरस इंच होते. दर चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड या हिशेबाने एकूण भार सव्वा टनाहून अधिक भरतो! असा दाब पेलायला गोल आकार सर्वांत चांगला, आणि सुरुवातीच्या नळ्यांची तोंडे गोलच होती. पडदा जितका लांबट, तितकी काच जाड आणि जड करावी लागते. त्यामुळे चौरसाच्या जवळचा ४:३ आकार कारखान्यालाही सोयीचा होता.

रुंद पडद्याची स्पर्धा

१९५० नंतर अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी संच आले आणि चित्रपटगृहे ओस पडू लागली. घरच्या खोक्यात मावणार नाही असे काही दाखवणे चित्रपटवाल्यांना भाग होते. १९५२ साली सिनेरामा आला. १९५३ साली 'द रोब' या चित्रपटाने सिनेमास्कोप आणला. त्याचे भिंग फ्रान्सच्या आंरी क्रेतियाँ या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच तयार केले होते. ते चित्रीकरणाच्या वेळी दृश्य आडव्या दिशेने निम्मे दाबते, म्हणून फिल्मवर माणसे काठीसारखी दिसतात. प्रक्षेपकावरचे भिंग तेच चित्र दुप्पट ताणून पूर्ववत करते. दाबणे आणि ताणणे यांचा मेळ बसला की वर्तुळ पुन्हा वर्तुळ होते. भारतात हे तंत्र १९५९ साली गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल' मध्ये प्रथम आले.

आता आमच्या शाळेतील अंडे आठवा. जुना संगणक १०२४ बाय ७६८ बिंदूंचे, म्हणजे ४:३ चे चित्र पाठवीत होता आणि नवा मॉनिटर ते आपल्या १६:९ पडद्यावर ताणून बसवीत होता. उंची तीच, रुंदी मात्र ४/३ पट, म्हणून १२ चे १६ झाले. आधी दाबले नव्हते, तरी नंतर ताणले गेले. चूक सरांची नव्हती, आणि वर्तुळाचीही नव्हती.

१६:९ कोठून आले?

१९८० च्या दशकात अधिक स्पष्ट चित्राच्या नव्या दूरचित्रवाणीचा विचार सुरू झाला. जुने कार्यक्रम ४:३ चे, म्हणजे १.३३, सिनेमास्कोप २.३५ चे. दोघांनाही न्याय देणारी चौकट कोणती? अमेरिकेतील अभियंता कर्न्स पॉवर्स याने समान क्षेत्रफळाचे, पण वेगवेगळ्या प्रमाणांचे आयत काढून त्यांचे मध्यबिंदू जुळवून ते एकमेकांवर ठेवले. त्या सर्वांना बाहेरून वेढणारा आयत आणि सर्वांच्या आत सामाईक असणारा आयत या दोहोंचे प्रमाण एकच निघाले, सुमारे १.७७.

हे दहावीच्या मुलांना सिद्ध करता येईल. बाहेरच्या आयताची रुंदी सर्वांत रुंद चौकटीची आणि उंची सर्वांत उंच चौकटीची असते. क्षेत्रफळ समान धरून भागाकार केला की १.३३ आणि २.३५ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे त्यांचा भूमितीमध्य उरतो. १६:९ म्हणजे १.७८, ही त्याच्या अगदी जवळची सोपी पूर्णांकी जोडी. शिवाय १६:९ हा ४:३ चा वर्गही आहे. म्हणजे ही तडजोड चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्यातली होती. पुस्तकाचे पान किंवा प्रश्नपत्रिका त्या वाटाघाटीत कोठेच नव्हती.

संगणकाची वाट

संगणकाच्या पडद्यावर सुरुवातीला चित्रे नव्हती, अक्षरे होती. ८० अक्षरांची ओळ ही परंपरा आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० स्तंभी छिद्रपत्रापर्यंत मागे जाते. १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या आल्टो संगणकाचा पडदा मात्र उभा होता, ६०६ बिंदू रुंद आणि ८०८ बिंदू उंच. कागदाचे पान जसे असते तसे ते पडद्यावर दिसावे, हा विचार त्यामागे होता. पण सर्वसामान्य संगणकांना स्वस्त पडले ते दूरचित्रवाणीसारख्याच आडव्या नळीचे मॉनिटर. १९८१ सालच्या आयबीएम संगणकावर रंगीत चित्रात ३२० बाय २०० बिंदू असत. पडदा ४:३ चा असल्याने प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा उंच होई. दोन्ही दिशांना सारखे बिंदू मोजून काढलेले वर्तुळ तेथेही अंडेच होई, फक्त उभे! १९८७ साली ६४० बाय ४८० बिंदूंची व्हीजीए पद्धत आली. तिचे प्रमाण बरोबर ४:३, त्यामुळे बिंदू चौरस झाले आणि हा घोळ मिटला.

सपाट द्रवस्फटिक पडदे आल्यावर हवेच्या दाबाचे बंधन संपले. आता पडदे काचेच्या मोठ्या तावांतून कापले जाऊ लागले. शिंपी कापडातून जास्तीत जास्त सदरे बसवतो, तसा हा हिशेब असतो. काही वर्षे १६:१० चे मॉनिटर पुष्कळ होते. २००८ नंतर मात्र दूरचित्रवाणीसाठी प्रचंड संख्येने निघणाऱ्या १६:९ पडद्यांच्या बरोबरीने मॉनिटरही त्याच प्रमाणात आले, कारण ते स्वस्त पडत.

इंचांचा हिशेब

दुकानदार सांगतो ते इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, आणि नुसत्या कर्णावरून क्षेत्रफळ कळत नाही. ४:३ पडद्यात ३-४-५ चा काटकोन त्रिकोण लपलेला आहे. कर्ण २० इंच असेल तर रुंदी १६, उंची १२, क्षेत्रफळ १९२ चौरस इंच. त्याच २० इंच कर्णाचा १६:९ पडदा १७.४ इंच रुंद, पण फक्त ९.८ इंच उंच असतो आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७१ चौरस इंच भरते. इंच तेवढेच, पडदा ११ टक्क्यांनी लहान.

लिपिकांची तक्रार याच हिशेबाने खरी ठरते. त्यांचा जुना १७ इंची मॉनिटर ५:४ प्रमाणाचा होता. त्याची उंची २७ सेंटिमीटर. नव्या साडेअठरा इंची मॉनिटरची उंची २३ सेंटिमीटर. इंच वाढले, रुंदी ७ सेंटिमीटरने वाढली, पण उंची ४ सेंटिमीटरने घटली. आणि पान तर वरून खाली वाचायचे असते.

मग कोणता घ्यावा?

पडद्यावर काय काम करायचे ते आधी ठरवावे. चित्रफीत पाहणे, दोन खिडक्या शेजारी उघडून एकीत वाचणे व दुसरीत लिहिणे, गुणांचे लांबलचक तक्ते भरणे, यांना रुंदी उपयोगी पडते. टंकलेखन, पुस्तकाची पाने आणि आज्ञावली लिहिणे यांना उंची लागते. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो. २४ इंची १६:९ पडद्याची उंची २९.९ सेंटिमीटर आणि रुंदी ५३ सेंटिमीटर असते. म्हणजे दोन पाने मूळ आकारात शेजारी-शेजारी मावून वर ११ सेंटिमीटर जागा उरते. नवे ४:३ मॉनिटर आज बाजारात फारसे मिळत नाहीत. तेव्हा रुंदच घ्यायचा तर उंची भरून निघेल एवढा मोठा घ्यावा. काही मॉनिटर स्टँडवर उभे फिरवता येतात, तेही पाहावे. खरेदीला जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी आणि कर्ण विसरून उंची मोजावी.

बाईंना मी एवढेच कळवले. सहा लहान मॉनिटरांऐवजी तेवढ्याच पैशांत येतील तितके २४ इंची घ्या, पण जुने संगणक १९२० बाय १०८० बिंदूंचे चित्र पाठवू शकतात की नाही ते आधी तपासा. पाठवू शकत नसतील तर मॉनिटरच्या यादीत ४:३ हा पर्याय निवडा. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतील, पण वर्तुळ वर्तुळ राहील. आणि पडवीतले मॉनिटर भंगारात देऊ नका.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. पडवीतील नऊ मॉनिटरांपैकी सात चालू निघाले. एक लिपिकांच्या टेबलावर परत गेला, बाकीचे मुलांच्या टंकलेखनाच्या सरावाला लागले. गणिताच्या सरांनी तर त्या अंड्याचाच धडा केला. आधी ताणलेले वर्तुळ दाखवायचे, मुलांना पट्टीने मोजायला लावायचे आणि पडद्याचे प्रमाण त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. आपल्या शाळेत असा मॉनिटर असेल तर तो दुरुस्त करण्यापूर्वी एक तास हा प्रयोग जरूर करून पाहावा.