एक्सॉन व्हाल्डीझ तेलगळती

एक्सॉन व्हाल्डीझ तेलगळती ही अमेरिकेच्या अलास्का राज्यातील प्रिन्स विल्यम साउंड या उपसागरात २४ मार्च १९८९ रोजी घडलेली सागरी दुर्घटना होय. एक्सॉन कंपनीचे 'एक्सॉन व्हाल्डीझ' हे तेलवाहू जहाज मध्यरात्री पाण्याखालील खडकावर चढले आणि त्यातून सुमारे १.१ कोटी गॅलन, म्हणजे चार कोटी लीटरांहून अधिक कच्चे तेल समुद्रात गेले. हा सर्वमान्य आकडाही प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे काही पर्यावरण-कार्यकर्त्यांचे म्हणणे आहे. आकारमानाने पाहता यापेक्षा मोठ्या तेलगळती जगात पूर्वी झाल्या होत्या व नंतरही झाल्या. परंतु वन्यजीवांची इतकी हानी आणि तिच्यापायी इतका दीर्घ लोकक्षोभ क्वचितच दुसऱ्या एखाद्या दुर्घटनेच्या वाट्याला आला असेल. 'गळती' हा शब्द मराठीत पावसाळ्यातील छपराला शोभतो. येथे तो केवळ रूढ झाला म्हणून वापरला आहे.

पार्श्वभूमी

अलास्काच्या उत्तर टोकाला प्रूडो बे येथे सापडलेले तेल सुमारे १,३०० किलोमीटर लांबीच्या नलिकेतून दक्षिणेकडील व्हाल्डीझ बंदरात आणण्यास १९७७ मध्ये प्रारंभ झाला. नलिकेचा प्रस्ताव आला तेव्हाच प्रिन्स विल्यम साउंडमधील मच्छीमारांनी, विशेषतः कॉर्डोव्हा या गावाने, तेलवाहू जहाजांच्या वाहतुकीला विरोध केला होता. त्यावर सुरक्षिततेची आश्वासने मिळाली. नलिका व बंदर चालवणाऱ्या अल्येस्का या कंपनीच्या आपत्कालीन आराखड्यात गळती झाल्यास साधनसामग्री पाच तासांच्या आत घटनास्थळी पोहोचेल, असे नमूद होते. पुढे जो संताप उसळला त्याचे मूळ समजून घेण्यासाठी हा आराखडा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. आपत्ती अकल्पित नव्हती, तिची कल्पना करून ती कागदावर उतरवलेली होती. दुर्घटनेच्या आदल्याच संध्याकाळी कॉर्डोव्हाच्या सागरी जीवशास्त्रज्ञ रिकी ऑट यांनी व्हाल्डीझमधील एका सभेत मोठ्या तेलगळतीची शक्यता बोलून दाखवली होती.

दुर्घटना

२३ मार्च १९८९ रोजी रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी जहाजाने कॅलिफोर्नियातील लाँग बीचकडे जाण्यासाठी व्हाल्डीझ सोडले. त्यात सुमारे ५.३ कोटी गॅलन तेल होते. कोलंबिया हिमनदीतून सुटून आलेले हिमखंड टाळण्यासाठी जहाज नेमून दिलेल्या सागरी मार्गाबाहेर काढण्यात आले. कप्तान जोसेफ हेझलवूड सुकाणूकक्षातून निघून गेले आणि जहाज तिसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती राहिले. ते वेळेवर मूळ मार्गावर वळले नाही. रात्री १२ वाजून ४ मिनिटांनी ते ब्लाय रीफ या खडकावर आदळले व अकरापैकी आठ तेलटाक्या फाटल्या. (कॅप्टन कुकच्या १७७८ च्या सफरीत सहभागी असलेल्या व पुढे 'बाउंटी' जहाजावरील बंडामुळे प्रसिद्ध झालेल्या विल्यम ब्लायचे नाव या खडकाला दिलेले आहे.)

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत दोष एकाच व्यक्तीवर ठेवलेला नाही. तिसऱ्या अधिकाऱ्याचा थकवा व कामाचा अतिभार, मद्यसेवनामुळे कप्तानाकडून झालेली कर्तव्यच्युती, पुरेसे व विश्रांती घेतलेले कर्मचारी न पुरवणारी कंपनी आणि जहाजांवर नीट लक्ष न ठेवणारी तटरक्षक दलाची यंत्रणा, ही सर्व कारणे तीत नोंदवली आहेत. लोकांच्या स्मरणात मात्र 'दारू प्यालेला कप्तान' एवढेच चित्र राहिले. नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून हेझलवूड न्यायालयात निर्दोष सुटले. निष्काळजीपणे तेल सांडल्याच्या किरकोळ गुन्ह्याबद्दल त्यांना ५०,००० डॉलर दंड व १,००० तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली.

पहिले तीन दिवस

साधने वाहून नेणारा बार्ज त्या वेळी दुरुस्तीसाठी कामातून काढलेला होता आणि काही सामग्री बर्फाखाली गाडली गेली होती. पाच तासांच्या जागी सुमारे चौदा तास लागले. पहिले तीन दिवस समुद्र शांत होता. रसायने फवारावीत की तेल जाळावे, परवानगी कोणी द्यावी, याचा खल याच काळात झाला. तिसऱ्या रात्री वादळ उठले व तवंग फुटून बेटाबेटांवर पसरला. त्यानंतर त्याला आवरणे कोणाच्याही हाती उरले नाही. तेल पुढे नैऋत्येकडे सुमारे ७५० किलोमीटरपर्यंत गेले आणि सुमारे २,१०० किलोमीटर किनारा कमीअधिक प्रमाणात माखला गेला.

या दिवसांतील एक यश नोंदवण्यासारखे आहे आणि ते मच्छीमारांचे आहे. कॉर्डोव्हातील लोकांनी आदेशाची वाट न पाहता आपल्या होड्या काढल्या, तरत्या कुंपणांनी सॉमिल बे येथील सॅल्मन-बीजकेंद्राचे तोंड अडवले आणि तेल अक्षरशः बादल्यांनी उपसले. 'डासांचे आरमार' या अर्थाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या होड्यांमुळे ते बीजकेंद्र वाचले.

वन्यजीवांची हानी

दुर्घटनेची वेळ याहून वाईट असू शकली नसती. मार्चअखेरीस स्थलांतरित पक्षी परतू लागतात, एप्रिलमध्ये हेरिंग मासे उथळ पाण्यात अंडी घालतात आणि त्यानंतर सीलची पिल्ले जन्माला येतात. म्हणजे उपसागर जीवसृष्टीने भरू लागला असतानाच तेल आले.

समुद्री पाणमांजरांना सर्वांत मोठा फटका बसला. सील किंवा देवमासा यांच्याप्रमाणे या प्राण्याच्या कातडीखाली चरबीचा थर नसतो. अतिशय दाट केसांत अडकलेली हवा हेच त्याचे थंडीपासूनचे संरक्षण असते, आणि ती टिकवण्यासाठी तो दिवसाचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवतो. तेलाने केस चिकटले की हवा निघून जाते व गोठवणारे पाणी थेट कातडीला भिडते. प्राणी अंग स्वच्छ करू पाहतो आणि तेच तेल त्याच्या पोटात जाते. वाफांनी फुप्फुसे निकामी होतात. पक्ष्यांच्या बाबतीतही असेच घडते. पिसे साफ करण्याची उपजत सवयच त्यांना विष पाजते.

सुमारे ३५,००० पक्ष्यांची आणि १,००० पाणमांजरांची कलेवरे प्रत्यक्ष हाती लागली. त्यांतील पक्ष्यांमध्ये 'मर' या काळ्या-पांढऱ्या समुद्रपक्ष्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. बहुतेक कलेवरे बुडतात किंवा निर्जन किनाऱ्यावर नष्ट होतात, हे लक्षात घेऊन प्रत्यक्ष मृत्यूंचे अंदाज बांधण्यात आले. ते सामान्यतः असे सांगितले जातात: सुमारे २,५०,००० समुद्रपक्षी, २,८०० समुद्री पाणमांजरे, ३०० हार्बर सील, २५० पांढऱ्या डोक्याचे गरुड, २२ पर्यंत ओर्का देवमासे आणि हेरिंग व सॅल्मनची अब्जावधी अंडी. गरुड तेलात पडून जितके मेले तितकेच तेलाने माखलेली मृत शिकार खाऊनही मेले असावेत. कलेवरे खटल्यातील पुरावा असल्याने ती क्रमांक देऊन शीतगृहांत साठवण्यात आली.

जिवंत सापडलेली सुमारे साडेतीनशे पाणमांजरे उपचारकेंद्रांत आणून साबणाने धुण्यात आली. त्यांपैकी सुमारे दोनशे पुन्हा समुद्रात सोडली गेली. या कामावर १.८ कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. सोडलेल्या प्राण्यांपैकी ज्यांना रेडिओ-संदेशक बसवले होते त्यांतीलही बरेच पुढे दगावले. एवढ्या पैशात जगणाऱ्या प्राण्यांचे अधिवास राखता आले असते, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. आक्षेप तर्काला धरून आहे; पण समोर थरथरणारा प्राणी असताना स्वयंसेवकांनी हा हिशेब मांडावा, ही अपेक्षा माणुसकीला धरून नाही.

किनाऱ्यांची धुलाई

चार उन्हाळे स्वच्छतेचे काम चालले. ऐन भरात सुमारे १०,००० माणसे, १,००० नौका आणि १०० विमाने व हेलिकॉप्टर त्यात होते. कंपनीचा यावरील खर्च सुमारे २ अब्ज डॉलर झाला. उच्च दाबाच्या गरम पाण्याने खडक धुण्याची पद्धत सर्वत्र वापरली गेली. छायाचित्रांत ती परिणामकारक दिसे. मात्र तेलातून वाचलेले कालव, शिंपले व समुद्रशैवाल त्या कढत पाण्याने मेले. अभ्यासासाठी न धुता सोडलेले काही किनारे धुतलेल्यांच्या तुलनेत लवकर सावरले, असे नंतरच्या निरीक्षणांत आढळले.

शोक आणि संताप

अमेरिकाभर संतापाची लाट उसळली. हजारो ग्राहकांनी एक्सॉनची क्रेडिट कार्डे कापून कंपनीकडे परत पाठवली. कंपनीचे अध्यक्ष लॉरेन्स रॉल कित्येक दिवस घटनास्थळी फिरकले नाहीत, याचा राग विशेष होता.

उपसागराच्या काठी राहणाऱ्यांचा शोक वेगळ्या प्रतीचा होता. अलुतीक या मूलनिवासी लोकांसाठी सील, मासे, शिंपले आणि हेरिंगची अंडी हे केवळ अन्न नव्हते. ते गोळा करणे, वाटून घेणे, मुलांना शिकवणे यांतच त्यांचे समाजजीवन गुंफलेले होते. आपल्याकडे कोकणातील खाडीकाठी राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पोर्ट ग्रॅहम गावाचे मुखिया वॉल्टर मेगानॅक यांचे १९८९ मधील भाषण 'पाणी मेले तो दिवस' अशा अर्थाच्या शीर्षकाने प्रसिद्ध आहे.

चेनेगा गावाची कहाणी या संदर्भात सांगितली पाहिजे. २७ मार्च १९६४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी झालेल्या भूकंपाने व त्सुनामीने हे गाव उद्ध्वस्त झाले आणि सुमारे एक तृतीयांश रहिवासी मरण पावले. विखुरलेल्या लोकांनी वीस वर्षांनी, १९८४ मध्ये, दुसऱ्या बेटावर गाव पुन्हा वसवले. त्याला पाच वर्षे होतात न होतात तोच तेल त्यांच्या किनाऱ्याला लागले. जहाज खडकावर आदळले तो दिवसही गुड फ्रायडेचाच होता.

कॉर्डोव्हात स्टीव्हन पिको व डुआन गिल या समाजशास्त्रज्ञांनी १९८९ पासून दीर्घ अभ्यास केला. नैसर्गिक संकटानंतर माणसे एकत्र येतात. मानवनिर्मित संकटानंतर दोष कोणाचा या प्रश्नावरून समाज आतून कुरतडला जातो, असे त्यांना दिसून आले. नैराश्य, निद्रानाश, कौटुंबिक कलह यांचे प्रमाण वाढलेले आढळले. कंपनीने सफाईसाठी होड्या भाड्याने घेतल्या, त्यातून काहींना मोठा पैसा मिळाला. त्यांना उपहासाने 'स्पिलिओनेअर' म्हटले जाई. ज्यांनी नकार दिला किंवा ज्यांना काम मिळाले नाही त्यांच्याशी त्यांचे संबंध कायमचे बिघडले. १९९३ मध्ये हेरिंगची संख्या कोसळली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मच्छीमारांनी व्हाल्डीझच्या अरुंद सागरी मार्गात आपल्या होड्या आडव्या घालून तेलवाहू जहाजांची वाहतूक काही दिवस रोखून धरली. हेरिंगच्या ऱ्हासाला तेल कितपत कारण व रोगराई कितपत, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

भरपाई आणि कायदा

१९९१ मधील तडजोडीनुसार एक्सॉनने केंद्र व राज्य सरकारांना दिवाणी दाव्यापोटी दहा वर्षांत ९० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. याच सुमारास अलास्का राज्याने एक अभिनव अभ्यास करवून घेतला. जे नागरिक या किनाऱ्यावर कधीही जाणार नाहीत त्यांनाही या हानीचे दुःख होते, तर त्या दुःखाचे मोल काय, हा त्याचा विषय होता. अशी दुर्घटना टाळण्यासाठी प्रत्येक कुटुंब किती पैसे देईल, असे विचारून त्यांनी २.८ अब्ज डॉलर हा आकडा काढला. ही पद्धत विश्वसनीय आहे काय, हे तपासण्यासाठी केनेथ अ‍ॅरो व रॉबर्ट सोलो या नोबेल विजेत्या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने १९९३ मध्ये अटींसह पद्धतीला मान्यता दिली. पर्यावरणीय अर्थशास्त्रात हा वाद आजही शिकवला जातो.

मच्छीमार, मूलनिवासी व इतर अशा सुमारे ३२,००० वादींच्या खटल्यात ज्यूरीने १९९४ मध्ये ५ अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई ठरवली. अपिलांत ती निम्मी झाली आणि २५ जून २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती ५०.७५ कोटी डॉलरवर आणली. दुर्घटनेला तोवर एकोणीस वर्षे झाली होती. या काळात हजारो वादी निवर्तले.

१९९० च्या तेलप्रदूषण कायद्याने अमेरिकी पाण्यात येणाऱ्या तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले. २२ मार्च १९८९ नंतर दहा लाख गॅलनांहून अधिक तेल सांडलेल्या जहाजाला प्रिन्स विल्यम साउंडमध्ये प्रवेश नाही, असेही कलम त्यात आहे. त्यात कोणाचे नाव नाही. तारीख मात्र पुरेशी बोलकी आहे.

दीर्घकालीन परिणाम

पांढऱ्या डोक्याचे गरुड १९९६ पर्यंत सावरले. समुद्री पाणमांजरांची संख्या पूर्ववत झाल्याचा निष्कर्ष निघण्यास २०१४ उजाडले. त्याचे एक कारण जमिनीखाली होते. २००१ मध्ये ९१ ठिकाणी खड्डे खणून पाहणी केली असता निम्म्याहून अधिक ठिकाणी तेल आढळले, आणि शिंपल्यांसाठी वाळू उकरणे हा पाणमांजरांचा नित्यक्रम आहे. हेरिंग अद्याप सावरलेले नाहीत.

'एटी-१' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओर्का गटाची स्थिती सर्वांत करुण आहे. इतर ओर्कांपेक्षा आवाजाने व वंशाने भिन्न असलेल्या या गटात दुर्घटनेपूर्वी २२ देवमासे होते. त्यांपैकी काहींचे, खडकावर अडकलेल्या जहाजाजवळ तवंगात श्वासासाठी वर येतानाचे छायाचित्र उपलब्ध आहे. त्यानंतर नऊ देवमासे दिसेनासे झाले. १९८९ नंतर या गटात एकही पिल्लू जन्मलेले नाही. आता अवघे सात उरले आहेत.

जहाजाची अखेर

दुरुस्तीनंतर जहाजाचे नाव बदलून 'एक्सॉन मेडिटरेनियन' ठेवण्यात आले व पुढेही ते अनेकदा बदलले. अखेरच्या काळात तेलाऐवजी खनिज वाहणारे हे जहाज 'ओरिएंटल नाइसिटी' या नावाने २०१२ मध्ये मोडीत काढण्यासाठी गुजरातच्या किनाऱ्यावर आले. त्यात घातक द्रव्ये असल्याच्या शंकेवरून प्रकरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै २०१२ रोजी न्यायालयाने परवानगी दिली आणि ऑगस्टमध्ये भावनगर जिल्ह्यातील अलंगच्या किनाऱ्यावर जहाज चढवून ते तोडण्यात आले.