टाळलेले रस्ते : पुणे शहरातील कामगार सायकलस्वार आणि रस्त्यांचा इतिहास

प्रस्तावना

शहराच्या रस्त्यांचा इतिहास सामान्यतः बांधलेल्या रस्त्यांवरून लिहिला जातो. कोणता पूल केव्हा झाला, कोणता रस्ता किती रुंद केला, कोणत्या चौकात उड्डाणपूल आला, यांच्या नोंदी नगरपालिकांच्या दप्तरांत सापडतात. परंतु कोणता रस्ता कोणी वापरणे सोडून दिले, याची नोंद कोठेही होत नाही. कामावर जाणाऱ्या सायकलस्वाराच्या बाबतीत ही उणीव विशेष महत्त्वाची ठरते. तो रोज ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी पोहोचण्यास बांधलेला असतो. त्यामुळे तो एखादा सरळ व जवळचा रस्ता सोडून दूरचा रस्ता धरतो, तेव्हा त्यामागे लहर नसून कारण असते. अशी हजारो माणसांची कारणे एकत्र केली, तर त्यातून शहराचा एक वेगळा इतिहास उभा राहतो.

'सायकलींचे शहर' ही पुण्याची एके काळची ओळख होती. या शहरात सायकलस्वाराने रस्ते टाळण्याची प्रक्रिया कशी घडत गेली, तिच्यामागे भौगोलिक, औद्योगिक व प्रशासकीय कारणे कोणती होती आणि या टाळण्याचा पुढील नियोजनावर काय परिणाम झाला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने केला आहे.

नद्या, टेकड्या आणि पूल

पुण्याचे जुने शहर मुठेच्या उजव्या तीरावरील पेठांचे आहे. पेठांतील रस्ते अरुंद असले तरी ते एकमेकांना बोळांनी जोडलेले होते. एका रस्त्यावर गर्दी असल्यास सायकलस्वार दुसऱ्या बोळातून सहज निघून जाई. म्हणजेच रस्ता टाळण्याची सोय शहराच्या रचनेतच होती व त्यासाठी फारसा वळसा पडत नसे.

पेठांबाहेर मात्र स्थिती वेगळी आहे. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा या नद्या शहराचे भाग पाडतात. लोहमार्ग, लष्कराच्या ताब्यातील जमिनी, पर्वती-तळजाई व वेताळ टेकडी यांमुळे त्यांत आणखी विभागणी होते. या अडथळ्यांपलीकडे जाण्यासाठी लकडी पूल, नवा पूल, संगम पूल, दापोडीचा हॅरिस पूल असे मोजकेच मार्ग पूर्वी होते. रस्ता टाळता येतो, पूल सहसा टाळता येत नाही. त्यामुळे पुण्यातील सायकलस्वाराचे भवितव्य गल्लीबोळांपेक्षा पुलांवर आणि पुलांकडे नेणाऱ्या चौकांवर अवलंबून राहिले.

कारखाने आणि सायकल

१८६९ मध्ये खडकी येथे दारूगोळा कारखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील उद्योग स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या पट्ट्यात कारखान्यांची वेगाने वाढ झाली. याच सुमारास, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठांची मोठी हानी झाली आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. घर आणि कामाची जागा यांतील अंतर चालत जाण्याच्या पलीकडे गेले. बसच्या वेळा पाळ्यांच्या वेळांशी जुळतीलच असे नव्हते. हे अंतर कमी खर्चात भरून काढणारे साधन म्हणजे सायकल.

शिवाजीनगर, वाकडेवाडी, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी असा जुना मुंबई-पुणे रस्ता हा या कामगारांचा मुख्य मार्ग होता. तो राष्ट्रीय महामार्ग होता आणि त्यावरून मालमोटारीही जात. तरीही वाहनांची संख्या व वेग मर्यादित असल्याने सायकलस्वाराला त्यावर जागा होती. भाड्याने सायकली देणारी दुकाने, चौकाचौकांत पंक्चर काढणारे, सायकलचा पितळी बिल्ला, रात्री दिवा नसल्यास किंवा डबल सीट बसल्यास होणारा दंड या सर्व गोष्टी एकच बाब दर्शवितात. सायकल हे रस्त्यावरील मान्यताप्राप्त वाहन होते. प्रशासन तिच्याकडून कर घेत होते, तिला शिस्त लावत होते. म्हणजेच तिचे अस्तित्व गृहीत धरत होते.

टाळण्याची सुरुवात

१९७२ मध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटोची चेतक स्कूटर आणि कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना मोपेड बाजारात आली. स्कूटरसाठी अनेक वर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे. त्यामुळे बदल सावकाश झाला. १९८० च्या दशकात उत्पादनावरील निर्बंध सैल होत गेले आणि सुलभ हप्त्यांवर दुचाकी मिळू लागल्यानंतर मध्यमवर्गाने व कुशल कामगाराने सायकल सोडली. ज्या औद्योगिक पट्ट्याने पुण्यातील कामगाराला सायकलवर आणले, त्याच पट्ट्यातील उत्पादनाने त्याला सायकलवरून उतरविले, हा योगायोग इतिहासाच्या दृष्टीने बोलका आहे.

परंतु सायकल सोडणाऱ्यांपेक्षा, जे सायकलवरच राहिले त्यांचा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. त्यांच्यासाठी रस्ता तोच राहिला, पण त्याचे स्वरूप बदलले. हा बदल पुढील चार प्रकारांत दिसतो.

पहिला प्रकार एकेरी वाहतुकीचा. फर्ग्युसन रस्ता व जंगली महाराज रस्ता एकेरी झाल्यावर मोटारीला पडणारा वळसा काही मिनिटांचा होता. पायाच्या बळावर चालणाऱ्या वाहनाला मात्र तोच वळसा रोजच्या श्रमाची वाढ ठरला. सायकलस्वारापुढे तीन पर्याय उरले : वळसा घ्यावा, नियम मोडून उलट दिशेने जावे किंवा आपटे रस्ता, घोले रस्ता, प्रभात रस्त्याच्या गल्ल्या असे आडमार्ग शोधावेत.

दुसरा प्रकार उड्डाणपुलांचा. उड्डाणपुलावर चढणे दमछाक करणारे आणि वेगवान वाहनांमुळे धोक्याचे. खालून जावे तर पुलावर वळणाऱ्या वाहनांचा प्रवाह आडवा कापावा लागतो. विद्यापीठ चौकात २००० च्या दशकात बांधलेले उड्डाणपूल मेट्रोच्या कामासाठी २०२० मध्ये पाडण्यात आले. मोटारींच्या सोयीसाठी केलेले बांधकामही दोन दशके टिकले नाही. ज्यांना त्या काळात तो चौक नकोसा झाला, त्यांच्या हानीचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

तिसरा प्रकार महामार्गांचा. पिंपरी-चिंचवडमध्ये जुन्या महामार्गाचे रुंदीकरण होऊन मधल्या मार्गिका वेगवान वाहतुकीसाठी वेगळ्या करण्यात आल्या आणि सायकल सेवारस्त्यावर ढकलली गेली. सेवारस्त्यावर बसथांबे, रिक्षा, उभी वाहने व दुकानांत वळणारी वाहने यांच्यातून तिला वाट काढावी लागते. कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्गाने तर पश्चिमेकडील उपनगरांपुढे नवी नदीच आडवी घातली. कोथरूड वा वारजे येथून हिंजवडीकडे कामाला जाणाऱ्यास हा मार्ग सर्वांत सरळ, परंतु अवजड वाहनांमुळे सायकलस्वारास सर्वांत नकोसा आहे.

चौथा प्रकार प्रशासकीय. खडकीच्या रस्त्यावरून पिंपरीस जाणारा कामगार एकाच प्रवासात पुणे महानगरपालिका, खडकी कटक मंडळ आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झालेली पिंपरी-चिंचवड अशा तीन हद्दी ओलांडतो. प्रत्येक संस्थेने आपल्या हद्दीत काही केले, तरी हद्दीवरचा तुकडा कोणाचाच राहत नाही. सायकलस्वाराला मात्र संपूर्ण मार्ग हवा असतो. दहा किलोमीटरपैकी नऊ किलोमीटर सुरक्षित आणि एक किलोमीटर जीवघेणा असल्यास तो मार्ग त्याच्या लेखी जीवघेणाच असतो.

मोजणीतील अभाव

येथे नियोजनातील मूलभूत दोष स्पष्ट होतो. रस्त्याची रचना ठरविताना चौकात उभे राहून वाहनांची मोजणी केली जाते. ज्या सायकलस्वाराने तो चौक टाळला, तो या मोजणीत येत नाही. संख्या कमी दिसली की सायकलसाठी जागा ठेवण्याची गरज नाही, असा निष्कर्ष निघतो. जागा न ठेवल्याने उरलेलेही तो रस्ता टाळतात आणि पुढील मोजणीत संख्या आणखी घटते. अशा रीतीने परिणामच कारण म्हणून पुढे केला जातो.

२०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर व साधन यांची माहिती घेण्यात आली. घरगुती उद्योग व शेती यांव्यतिरिक्त इतर कामे करणाऱ्या देशातील सुमारे २० कोटी लोकांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने कामावर जात होते. हे प्रमाण उपेक्षणीय नाही. तथापि या प्रश्नावलीत मार्ग विचारलेला नव्हता. त्यामुळे हे लोक कोणत्या रस्त्याने जातात आणि कोणत्या रस्त्याने जाऊ इच्छित असूनही जात नाहीत, हे त्यातून कळत नाही.

पुण्यात जे टाळणे हळूहळू व अलिखित रीतीने घडले, ते कोलकात्यात लेखी आदेशाने घडले. तेथे २००८ मध्ये ३८ रस्त्यांवर सायकलबंदी झाली. २०१३ मध्ये बंदी असलेल्या रस्त्यांची संख्या १७४ झाली आणि विरोधानंतर ती ६२ पर्यंत खाली आणण्यात आली. दूधवाले, वृत्तपत्रविक्रेते, छोटे मालवाहू यांच्या उपजीविकेवर घाला आल्याने त्या आदेशाविरुद्ध आवाज उठला. लेखी बंदीला निदान विरोध करता येतो. पुण्यासारख्या शहरातील अलिखित बंदीचा कर्ताच दिसत नसल्याने तिच्याविरुद्ध दाद मागण्याची जागाही उरत नाही.

उपाययोजना आणि तिची मर्यादा

२००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्यावरील जागेचे वाटप वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी ठेवून व्हावे, असे तत्त्व मांडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर पुण्याचा पथदर्शी बीआरटी प्रकल्प सुरू झाला व त्याच्या कडेला सायकलमार्ग आखले गेले. परंतु ते चौकापाशी तुटत, त्यावर वाहने उभी राहत, विजेचे खांब व टपऱ्या आड येत. सायकलस्वारांनी सायकलसाठी बांधलेला मार्गच टाळावा, अशी विसंगती निर्माण झाली आणि 'मार्ग दिला तरी वापरत नाहीत' असा आरोप त्यांच्यावर आला. डिसेंबर २०१७ मध्ये महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याची कल्पना आहे.

जाळ्याची ही कल्पना का आवश्यक आहे, हे नेदरलँड्सच्या अनुभवावरून समजते. तेथे १९७० च्या दशकात हेग व टिलबर्ग या शहरांत सायकलसाठी प्रत्येकी एक उत्तम प्रात्यक्षिक मार्ग बांधण्यात आला. त्या मार्गांवर सायकली वाढल्या. परंतु त्यांतील बऱ्याच आजूबाजूच्या रस्त्यांवरून आलेल्या होत्या आणि शहरातील एकूण सायकलवापर फारसा वाढला नाही. यातून धडा घेऊन डेल्फ्ट शहरात १९८० च्या दशकात संपूर्ण जाळे विकसित करण्यात आले. हेग-टिलबर्गच्या निष्कर्षाचा आणखी एक अर्थ आहे. सायकलस्वार सोयीचा मार्ग मिळताच आपला रस्ता बदलतो, म्हणजेच आधीचा त्याचा मार्ग ही त्याची पसंती नसून तडजोड होती.

निष्कर्ष

१. पुण्यातील सायकलस्वाराने रस्ते टाळणे हा केवळ वैयक्तिक आवडीचा भाग नसून रस्त्यांच्या बदललेल्या रचनेचा परिणाम आहे.

२. पेठांच्या रचनेत पर्यायी मार्ग सहज मिळत होते. नद्या, टेकड्या व महामार्ग यांनी वेढलेल्या विस्तारित शहरात ते मिळत नाहीत. म्हणून पूल, चौक आणि प्रशासकीय हद्दी येथेच प्रश्न तीव्र होतो.

३. केवळ उपस्थित वाहनांची मोजणी अनुपस्थितांवर अन्याय करते. टाळलेल्या मार्गांची नोंद ही वाहतूक सर्वेक्षणाचा भाग झाली पाहिजे. महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व समाजशास्त्र विभागांना निवृत्त कामगारांच्या मौखिक इतिहासाद्वारे हे काम करता येण्यासारखे आहे. खडकी-पिंपरी मार्गावर सायकल चालविलेली पिढी आता वृद्ध झाली असल्याने ते लवकर हाती घेणे आवश्यक आहे.

४. ज्याला दुसरे वाहन परवडते, तो सायकल टाळू शकतो. ज्याला परवडत नाही, तो फक्त रस्ता टाळू शकतो, आणि जेथे तेही शक्य नसते तेथे धोका पत्करतो. त्यामुळे हा प्रश्न वाहतुकीइतकाच सामाजिक न्यायाचाही आहे.