कोक्करे बेल्लूर

कर्नाटकातील मंड्या जिल्ह्याच्या मद्दूर तालुक्यातील एक लहान गाव. वस्तीतल्या झाडांवर होणाऱ्या पाणपक्ष्यांच्या विणीसाठी ते प्रसिद्ध आहे. बंगळूर–म्हैसूर रस्त्यापासून आत, बंगळूरच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किमी.वर ते वसले आहे. कावेरीची उपनदी शिंशा गावाजवळून वाहते. भात, नाचणी व ऊस ही परिसरातील मुख्य पिके होत. कन्नडमध्ये ‘कोक्करे’ म्हणजे बगळा किंवा करकोचा.

ठिपकेदार चोचीचा झोळीवाला (पेलिकन) आणि चित्रबलाक हे येथील प्रमुख पक्षी. पावसाळ्यानंतर तळी भरलेली असताना, साधारणतः डिसेंबरपासून, ते येऊ लागतात व उन्हाळ्याअखेर पिलांसह निघून जातात. घरांलगतच्या चिंच, वड, पिंपळ अशा झाडांवर त्यांची घरटी असतात. पिलांसाठी मासे आणायला ते शिंशा नदी व आसपासच्या तळ्यांवर जातात. प्लेगच्या साथीमुळे मूळ गाव नदीकाठावरून हलले, तेव्हा पक्षीही माणसांमागोमाग नव्या वस्तीत आले, असे गावकरी सांगतात.

पक्ष्यांचे येणे गावात शुभ मानतात. पावसापाण्याशीही त्याचा संबंध जोडला जातो, त्यामुळे त्यांची शिकार होत नाही. झाडांखाली साचणारी विष्ठा गाळमातीत मिसळून शेतात खत म्हणून वापरली जाते. मात्र घरट्यांमुळे चिंचेचे उत्पन्न बुडते. त्यापोटी वनखाते झाडमालकांना भरपाई देते.

वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी १९७०च्या दशकात केलेल्या नोंदींमुळे अभ्यासकांचे लक्ष या गावाकडे वेधले गेले. पुढे म्हैसूरच्या निसर्गप्रेमींच्या साहाय्याने गावातील तरुणांनी ‘हेज्जर्ले बळग’ हा गट उभारला. ‘हेज्जर्ले’ हे पेलिकनचे कन्नड नाव आहे. घरट्यातून पडलेली पिले कुंपणात ठेवून, मासे खाऊ घालून वाढवण्याचे काम हा गट करू लागला.

जुन्या झाडांची तोड, आटणारी तळी आणि नदीतील वाळूउपसा यांमुळे पक्ष्यांच्या निवाऱ्यावर व खाद्यावर परिणाम झाला आहे. २०१७-१८च्या हंगामात गोलकृमींच्या प्रादुर्भावाने अनेक पेलिकन दगावले. पक्षी खाजगी झाडांवर राहत असल्याने गावाला अभयारण्याचे नियम लागू करणे अडचणीचे होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २००२च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ या प्रकाराची तरतूद केली आणि २००७ मध्ये कोक्करे बेल्लूरला हा दर्जा मिळाला. त्यात जमिनीची मालकी रहिवाशांकडेच राहते व व्यवस्थापनात त्यांचा सहभाग असतो.